खान्देशातल्या उन्हात टू-व्हीलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की मेसेज सुरू होतात आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की फोनच थांबत नाही. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचे सगळे एका जागी टाकतोय. विचारणाऱ्यांची भाषा जशीच्या तशी ठेवली आहे. एक गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून नंबर दिलेत, जिथे "प्र. ४ बघा" लिहिलंय तिथे खरंच बघा.

१. एवढ्या उन्हात फुल बाह्या कशाला? टीशर्टवर चालवली तर हवा तरी लागते ना भाऊ?

हवा लागते, पण ती हवा काय करते ते बघा. उन्हात आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंशाच्या आसपास असतं. हवा त्याच्यापेक्षा थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून पुण्या-नाशिककडचे लोक म्हणतात की गाडीवर बसलं की बरं वाटतं. इकडे मे महिन्यात भुसावळला ४४-४५ असतं तेव्हा तोच वारा उलट अंगात उष्णता घालतो, आणि गाडी जितकी पळवाल तितकी जास्त घालतो. मग अंग थंड ठेवायला एकटा घामच उरतो, आणि उघड्या हातावरचा घाम त्या झळांमध्ये इतका लवकर वाळतो की आलेला कळतच नाही. माणूस म्हणतो मला तर घामच आला नाही, आणि घरी आल्यावर बघावं तर शर्टाच्या पाठीवर आणि सॅकच्या पट्ट्याखाली मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. एवढं पाणी अंगातून गेलेलं असतं.

कपड्याने ऊन अडतं, गरम वारा थेट कातडीला लागत नाही आणि घाम हळूहळू वाळतो म्हणून त्याचा उपयोग होतो. केळीच्या मळ्यात राबणारा माणूस भर उन्हात हाफ बाह्यांवर दिसतो का कधी? सैल, फिक्या रंगाचा, सुती, मनगटापर्यंत बाह्या असलेला शर्ट घाला. बाकीची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीवरून निघतात.

२. मोबाईलवर ४३ दाखवतो आणि रस्त्यावर पन्नास वाटतं, खरं काय?

दोन्ही खरं. हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास. तुम्ही असता डांबरावर, उन्हात, खाली गरम इंजिन घेऊन. भर उन्हात डांबर साठ अंशाच्या वर जातं आणि ती धग खालून लागते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर दुपारी सूर्य आपल्याकडे बरोबर डोक्यावर येतो, स्वतःच्या सावलीचाही आधार नाही.

उष्णतेची लाट म्हणजे काय हेही विचारतात. मैदानी भागात कमाल तापमान ४० किंवा जास्त आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश वर, किंवा सरळ ४५ झालं की लाट, ४७ झालं की तीव्र लाट. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असला की दुपारचं काम पुढे ढकला, नसेलच ढकलता येत तर प्र. १६ बघा.

३. जळगावहून धुळ्याला जायचंय, किती वाजता निघू?

नव्वद एक किलोमीटर आहे, सकाळी सहाला निघालात तर चहा-पाणी करून नऊच्या आत धुळ्यात. परतीला लोक फसतात. काम बाराला संपतं आणि वाटतं आता दोन तासाचा तर प्रश्न आहे, चला. तापमानाचा कळस बाराला नसतो, तो दोन ते चारच्या मध्ये असतो, म्हणजे बाराला निघालेला माणूस वाढत्या उन्हात चालतो. साडेपाचनंतर निघा. डांबर तेव्हाही तापलेलंच असतं पण डोक्यावरचं ऊन तरी गेलेलं असतं.

दुपारी निघायचंच असेल तर अर्ध्या-पाऊण तासाला थांबा घ्या आणि तो आधी ठरवून ठेवा. फोर लेन झाल्यापासून हायवेच्या कडेची जुनी कडुनिंबं गेली, सावली शोधत बसलात तर दहा किलोमीटर मिळत नाही. पेट्रोल पंप, धाबे, गावाच्या फाट्यावरची रसवंती हेच आता सावलीचे स्टॉप. रावेर-सावदा-फैजपूर-यावल पट्ट्यात पाणी भरलेल्या केळीच्या बागांच्या कडेने जाताना जरा गार वाटतं. तो भास नाही, ओल्या जमिनीतून आणि पानांतून पाणी उडतं म्हणून तिथली हवा खरंच थोडी उतरते.

४. डोक्याला आणि तोंडाला नेमकं काय बांधायचं? रुमाल बांधला की हेल्मेट बसत नाही.

बागायतदार रुमाल हेल्मेटच्या खाली गुंडाळू नका. त्याचा जाड पीळ कपाळावर येतो, हेल्मेट वर उचललं जातं आणि पडलात तर निघून जातं. हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी किंवा डोकं-मान झाकणारा बालाक्लाव्हा घाला, दीड-दोनशे रुपयात मिळतो. रुमाल वापरायचाच तर मानेभोवती, पुढचं टोक नाका-तोंडावर आणि मागचं कॉलरच्या आत. मानेच्या मागचा भाग सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात जास्त भाजतो.

मुलींच्या स्कार्फचंही तेच, डोक्यावर एकच घडी ठेवा आणि गाठ मागे न मारता बाजूला खोचा. स्कार्फ किंवा ओढणीची टोकं मोकळी सोडू नका, मागच्या चाकात आणि चेनमध्ये अडकून गळ्याला फास बसतो.

५. हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. गावातल्या गावात नाही घातलं तर चालेल का?

नाही. केंद्राच्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला दोघांना लागू आहे, चार वर्षांवरच्या मुलालासुद्धा, आणि त्यात उन्हाळ्याची सूट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १००० रुपये आणि लायसन्स तीन महिने बाद अशी तरतूद आहे. पण दंड राहू द्या. उघडं डोकं ४४ अंशात थेट सूर्याखाली असतं, हेल्मेट निदान सावली तरी करतं. डोकं शिजतं ते सिग्नलला आणि रेल्वे फाटकावर, गाडी उभी असताना. तिथे इंजिन बंद करा, काच वर करा, जास्त वेळ असेल तर बाजूला सावलीत घेऊन हेल्मेट काढा.

घेताना आयएसआय मार्क बघा, त्याचा नंबर आयएस ४१५१ असतो. पुढे आणि मागे हवेची भोकं असलेलं घ्या, आतला कपडा काढून धुता येतो का विचारा. धुता येत असेल तर आठवड्याला साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. घामाचा वास आणि डोक्यातले फोड दोन्ही जातात.

एक उलटी वाटणारी गोष्ट. चाळीसच्या वर तापमान असेल तर चालत्या गाडीवर काच पूर्ण उघडी ठेवू नका, बोटभर फट ठेवा. कारण प्र. १ मध्ये आहे.

६. रुमाल ओला करून बांधला तर चालतो का? आई म्हणते सर्दी होईल.

चालतो काय, खान्देशात याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नाही. माठातलं पाणी गार होतं तसंच हे, पाणी उडून जाताना उष्णता सोबत घेऊन जातं, आणि आपली एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की ते झपाट्याने होतं. रुमाल, टोपी, शर्टाची छाती आणि बाह्या चांगल्या भिजवा, टपकणार नाही इतपत पिळा, वरून जाळीचं जॅकेट किंवा पातळ सुती सनकोट घाला. वरचा थर नसेल तर रुमाल दहा-पंधरा मिनिटांत कडक वाळतो. वरचा थर असला की बराच जास्त वेळ टिकतो. प्रत्येक थांब्याला परत भिजवा आणि त्यासाठी पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त एक जुनी बाटली वेगळी ठेवा, नळाचं पाणी चालतं.

सर्दी ओल्या कपड्याने होत नाही, विषाणूने होते. आईला हे सांगून उपयोग नाही ते मला माहीत आहे, घराच्या बाहेर गेल्यावर भिजवा.

अपवाद एकच, पण मोठा. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग येतात, हवा दमट होते, तापमान ३८-४० वर येतं आणि तरी जीव जास्त घाबरतो. तेव्हा ओला कपडा वाळतच नाही, नुसता अंगाला चिकटतो. त्या दिवसांत सैल कपडे, वारा खेळेल असं जॅकेट आणि जास्त थांबे.

७. पाणी किती प्यायचं? आणि ताक, रस, कोल्ड्रिंक, नीरा यातलं काय चांगलं?

उन्हात गाडीवर असताना तासाला साधारण पाऊण ते एक लिटर धरा, पण एकदम नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. तहान लागायची वाट बघू नका. उलट टोकही आहे, दोन तासात चार लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्यानेही चक्कर, उलटी येते. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. लघवी पिवळीधम्मक किंवा उन्हाळी लागली असेल तर पाणी कमी पडू राहिलं असं समजा.

मीठ घातलेलं ताक सगळ्यात बेस्ट, कैरीचं पन्हं आणि लिंबू सरबतही. नीरा सकाळची ताजी असेल तर. उसाचा रस चालतो पण त्यात साखर भरपूर आणि रस्त्यावरच्या बर्फाचा भरवसा नाही, मी बिनबर्फाचा सांगतो. कोल्ड्रिंकने तहान भागल्यासारखी वाटते तेवढंच. बिअरचं विचारणाऱ्यांनो, तिने लघवी वाढते, वर गाडी चालवायची असते, काय बोलायचं आता.

ओआरएसचं पाकीट सॅकमध्ये कायम ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घाला. नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. टेट्रापॅकमधल्या गोड पेयांवर ओआरएस असं नाव टाकायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने, ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ती पेयं म्हणजे ओआरएस नव्हेच. शुगर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

८. बाटलीतलं पाणी अर्ध्या तासात चहासारखं होतं, काय करू?

बाटलीवर जुना सुती मोजा चढवा आणि तो ओला करा, वाऱ्यात पाणी गार राहतं. आधीचे लोक कॅनव्हासची छागळ बांधायचे त्यामागे हेच होतं. नाहीतर स्टीलची थर्मास बाटली. बाटली इंजिनजवळ किंवा बंद डिक्कीत ठेवू नका.

९. उन्हातून आल्यावर लगेच पाणी प्यायचं नाही म्हणतात, खरं का?

नाही. अंगातलं पाणी गेलंय, ते भरायलाच पाहिजे. फक्त बर्फाचं पाणी घटाघट पिऊ नका, कपाळात कळ जाते, पोटात मुरडा येतो. माठातलं पाणी, बसून, घोट घोट. गूळ-पाण्याची आपली पद्धत चांगलीच आहे, ती मोडायला कोणी सांगत नाही. अंघोळही चालते. ऊन लागलेल्या माणसाला तर गार पाण्यानेच वाचवतात, प्र. १५ बघा.

१०. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही ना?

खिशातल्या कांद्याचा काहीच उपयोग नाही. भाकरीसोबत खा. ठेवायचाच असेल तर ठेवा बापडे, पण त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी ठेवू नका.

११. सनकोट घेऊ का रायडिंग जॅकेट? आणि काळं जॅकेट चालेल का?

रोजचं गावातलं जाणं-येणं असेल तर सुती सनकोट पुरतो, पुरुषांनीही घालावा, लाजायचं काय त्यात. मात्र पडल्यावर तो वाचवत नाही. हायवेवर वरचेवर जात असाल तर कोपर-खांद्याला पॅड असलेलं जाळीचं जॅकेट घ्या, आत ओला टीशर्ट घाला, प्र. ६ प्रमाणे. रंग फिका घ्या, उभ्या गाडीवर फरक कळतो आणि संध्याकाळी ट्रकवाल्याला तुम्ही दिसता. रेनकोटच्या कापडाचं, वारा न जाणारं जॅकेट उन्हाळ्यात नकोच. हातमोजे पातळ पण पूर्ण बोटांचे. सँडलपेक्षा बूट, कारण इंजिनची धग पायावर येते.

उघड्या राहणाऱ्या भागाला एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, दोन तासांनी परत. कपाळावर कमी लावा, घामाबरोबर डोळ्यात उतरतं.

१२. डोळे जळतात, संध्याकाळी लाल होतात.

गरम वाऱ्याने डोळ्यातलं पाणी सुकतं, वर धूळ. यूव्ही ४०० लिहिलेला, बाजूने झाकणारा गॉगल घ्या. नुसती काळी काच असलेला स्वस्त गॉगल उलट वाईट, अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि आत किरणं जास्त जातात. लेन्स लावणाऱ्यांनी लांबच्या प्रवासात चष्मा वापरावा. आणि अंधार पडला की काळी काच बदला.

१३. टायर फुटू नये म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची का? टाकी फुल केली तर फुटते का?

हवा कमी ठेवलीत तर टायर जास्त फुटतो. कमी हवेचा टायर रस्त्यावर दबतो, वाकतो, त्यानेच आतून तापतो. कंपनीने सांगितलेली हवा भरा आणि ती सकाळी गार टायरवर मोजा. दहा अंशाला साधारण एक-दीड पीएसआय वाढते, हे कंपनीने धरलेलंच असतं, त्यामुळे गरम टायरमध्ये जास्त दिसली म्हणून काढू नका. नायट्रोजन भरा न भरा, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. टायरच्या बाजूला भेगा पडल्या असतील तर मात्र हवेचा विषय सोडा, टायर बदला.

टाकी फुटते हा मेसेज दर एप्रिलला फिरतो, खोटा आहे. मात्र गळ्यापर्यंत काठोकाठ भरू नका, पेट्रोल तापल्यावर फुगतं, गाडी उन्हात लावली की झाकणातून झिरपतं. सकाळी भरलं की जास्त पेट्रोल मिळतं हेही नाही, पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपार फारसा फरक पडत नाही.

१४. गाडी गरम होऊ राहिली, सीटवर बसवत नाही, स्टँड डांबरात घुसतो. काही उपाय?

एअर कूल्ड इंजिनला चालत्या हवेनेच गारवा मिळतो, म्हणून लेग गार्डला बॅनर, पिशवी, कापड बांधू नका. ऑइलची लेव्हल दर आठवड्याला बघा, ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल तीच. कूलंटवाली गाडी असेल तर गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते.

सीटला जाळीचं कव्हर, आणि गाडी लावली की वरून बारदान. स्टँडखाली प्लायचा तुकडा किंवा चपटा दगड, नाहीतर दुपारी सरळ उभी केलेली गाडी चारला आडवी सापडते. डिक्कीत डिओ, लायटर, सॅनिटायझर, पॉवर बँक ठेवू नका. इन्शुलिन तर अजिबात नको, ते उष्णतेने खराब होतं आणि बघून कळत नाही. मोबाईल हँडलवर उन्हात लावला की तापून बंद पडतो, मॅप आधीच बघून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, अर्धा-एक तास सावलीत थंड होऊ द्या. फार तापली की गाडी स्वतःच पॉवर कमी करते, तो बिघाड नाही.

१५. गाडीवर असताना ऊन लागलं हे कळणार कसं? कळलं तर काय करायचं?

हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. सुरुवात डोकं दुखण्याने होते, मळमळ, पोटऱ्यात गोळे, घोळणाही फुटू शकतो. चालवणाऱ्याची खास लक्षणं वेगळी असतात. गियर चुकायला लागतात, ओळखीचा फाटा मागे पडतो, ब्रेक उशिरा लागतो, मागच्याने विचारलेल्याला उत्तर तिसऱ्यांदा येतं. एवढं झालं की थांबायचं, "आता पाचच किलोमीटर राहिलेत" हे वाक्य बोलायचं नाही. सावली, हेल्मेट-जॅकेट काढा, अंगावर पाणी, मिठाचं ताक किंवा ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दुपारी पुढे चालवू नका.

माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला, बेशुद्ध पडला, अंग चटका बसेल असं तापलं तर तो उष्माघात. शरीर ४० अंशाच्या म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेलं असतं आणि जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा, पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बसून राहू नका, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, पंख्याने नाहीतर पुठ्ठ्याने वारा घाला, मान, काखा, जांघेत बर्फ ठेवा. रसवंतीवर बर्फ हमखास मिळतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, फुफ्फुसात जातं. तापाची गोळी इथे चालत नाही. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असंही समजू नका, गाडीवर, कामावर असताना होतो तेव्हा अंग ओलंही असू शकतं.

१६. माझं कामच दुपारचं आहे, डिलिव्हरी/वसुली/एमआर. घरी बसा म्हणू नका.

नाही म्हणत. लांबच्या फेऱ्या अकराच्या आत घ्या, दुपारी जवळच्या. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं पंख्याखाली थांबायला मागा, कोणी नाही म्हणत नाही. कपडे प्र. १ आणि ६, पाणी प्र. ७. दोन शर्ट ठेवा, दुपारी बदला, घामोळं निम्मं कमी होतं. एसी दुकानातून निघाल्यावर चक्कर येत असेल तर सावलीत मिनिटभर थांबून मग किक मारा. जेवण हलकं ठेवा, दुपारी शेवभाजी चापून उन्हात गाडीवर बसणं माझ्या तरी मते अत्याचार आहे.

१७. आम्ही पुण्याला असतो, आखाजीला गावी येतो. तिकडे रोज गाडी चालवतो मग इथे एवढा त्रास का होतो?

अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्यात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. पुण्याहून आलेलं अंग पहिल्या दिवशी तयारच नसतं, तुम्ही लहानपणी इथे वाढलात त्याचा आता फायदा नाही, ती सवय काही आठवड्यांतच जाते. पहिले तीन-चार दिवस दुपारी गाडी काढू नका. आणि तोरणमाळला जाणार असाल तर वर अकराशे मीटरवर गार वाटतं, सहा-सात अंशांचा फरक पडतो, उतरताना मात्र दुपारी दोनला खाली शहाद्याच्या उन्हात एकदम याल असं करू नका. संध्याकाळ धरून उतरा.

१८. लहान पोराला, म्हाताऱ्या आईला मागे बसवून नेऊ का? बीपीच्या गोळ्या चालू असतील तर?

दहा ते पाच नका नेऊ. पोराचं अंग मोठ्यापेक्षा लवकर तापतं आणि ते बोलत नाही, झोपलं असं वाटतं ते प्रत्यक्षात गळालेलं असतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी पट्टा, हेल्मेट आणि ४० चा स्पीड हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहेच. टाकीवर पुढे बसवलं तर सगळं ऊन आणि गरम वारा आधी त्याला लागतो. बस घ्या.

बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही ॲलर्जीच्या आणि मानसोपचाराच्या गोळ्यांनी उन्हाचा त्रास वाढतो. स्वतःहून बंद करू नका, उन्हाळा लागताना डॉक्टरांशी बोला. चैत्रात वणीला जाणारे, उपवास धरणारे, निर्जळी करून गाडी चालवू नका, निर्जळीच असेल तर मागे बसा, तेही पहाटे.

१९. मे महिन्यात अचानक वादळ-वळीव येतो, थांबायचं का पुढे काढायची?

थांबायचं. केळी आडव्या करणारा वारा हलक्या गाडीला लेन बदलायला लावतो, आणि धुळीत समोरचा ट्रक दिसत नाही. झाडाखाली, होर्डिंगखाली, पत्र्याच्या शेडखाली नको, पक्क्या बांधकामात थांबा, वीज कडाडत असेल तर उघड्या शेताच्या कडेलाही नको. पाऊस सुरू झाल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, महिन्यांची धूळ आणि सांडलेलं ऑइल मिळून रस्त्यावर साबण होतो. पाऊस थांबल्यावर बरं वाटेल, पण दुसऱ्या दिवशी तीच ओल उकाडा होऊन वर येते, तेव्हा ओल्या रुमालाचं काय करायचं ते प्र. ६ च्या शेवटी लिहिलंय.